एका डोळ्याचा मोठा मायनस नंबर आणि पडद्यावरचे पांढरे तंतू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांचे डोळे तपासण्याच्या कामात एक रिपोर्ट अधूनमधून हातात येतो: एक डोळा ठणठणीत, दुसऱ्याला मायनस ८ किंवा १०, आणि खाली पडद्यावर पांढरा डाग असल्याची नोंद. हा रिपोर्ट पाहून पालक जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या मुलाचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच घेतील.

१. रिपोर्टवर ‘मायेलिनेटेड रेटिनल नर्व्ह फायबर्स’ असं लिहिलंय. म्हणजे नेमकं काय?

डोळ्याच्या पडद्यावर उमटलेलं चित्र मेंदूपर्यंत नेणारे दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. ते पडद्यावरून सरकत एका गोल चकतीपाशी, म्हणजे ऑप्टिक डिस्कपाशी जमतात आणि तिथून मागे मेंदूकडे जातात. मेंदूच्या बाजूला या तंतूंवर मायेलिन नावाचं स्निग्ध, पांढरं आवरण असतं. त्यामुळे संदेश वेगाने जातो. हे आवरण चढायला गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास मेंदूकडून सुरुवात होते, ते हळूहळू डोळ्याच्या दिशेने येतं आणि जन्माच्या आसपास डोळ्याच्या मागच्या भिंतीतल्या जाळीपाशी थांबतं. पुढे पडद्यावरचे तंतू उघडेच राहतात. ते पारदर्शक असायलाच हवेत, कारण प्रकाशाला त्यांच्यातूनच आत जायचं असतं.

काही डोळ्यांत पडद्यावरच्या थोड्या तंतूंवरही हे आवरण असतं. तेवढा भाग पांढरा दिसतो. आतून पाहिलं तर निरांजनाच्या वातीचं टोक विस्कटावं तशी त्याची कड असते, आणि लाल रक्तवाहिन्या मध्येच त्याच्याखाली लपून पुढे पुन्हा वर येतात. सशाच्या डोळ्यात असे पांढरे पट्टे अगदी नॉर्मल असतात. माणसात ते अपवाद आहेत, एवढंच.

२. हे किती जणांना असतं?

वाटतं त्यापेक्षा जास्त, साधारण शंभरात एकाला. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ ब्रॅडली स्ट्रात्समा आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली शवविच्छेदनातल्या डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३,९६८ व्यक्तींपैकी जवळपास १ टक्का लोकांत हे तंतू सापडले. त्यांतल्या सुमारे ८ टक्क्यांनाच ते दोन्ही डोळ्यांत होते. बहुतेकांचा डाग लहान असतो, दृष्टी उत्तम असते आणि चाळिशीचा चष्मा करायला गेल्यावर योगायोगाने तो कळतो. तुम्ही त्या गटात असाल तर या पानावरचं बाकीचं फारसं तुमच्यासाठी नाही.

३. फोटोत मुलीची बाहुली पांढरी दिसते. हा कॅन्सर तर नाही ना?

तपासणी होईपर्यंत कोणीही फोटो पाहून ‘नाही’ म्हणू नये. फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी चमक दिसली, तर पहिल्यांदा रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कॅन्सर नाही ना, हेच पाहावं लागतं. मोतीबिंदू आणि पडद्याचे इतर आजारही त्या यादीत असतात. मायेलिनचा मोठा डागसुद्धा अशीच चमक देतो.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा नीट पाहिला की अनुभवी डॉक्टरांना बहुतेक वेळा फरक लगेच कळतो. गाठ पडद्यातून वर उचललेली असते. मायेलिनचा डाग तंतूंच्या वळणाने पसरतो आणि त्याची कड पिंजलेली असते. शंका राहिली तर सोनोग्राफी करतात. ही तपासणी ‘पुढच्या सुट्टीत करू’ म्हणून ठेवू नका. त्याच आठवड्यात करून घ्या.

४. डाग आहे म्हणजे नंबर मोठा असणारच का?

नाही. डाग असलेल्या बहुतेक डोळ्यांना मोठा नंबर नसतो. हा संबंध मुख्यतः मोठ्या डागाशी आहे: जो डिस्कला चारी बाजूंनी वेढतो, वरच्या आणि खालच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कमानींवरून दूरवर पसरतो. अशा डोळ्यांपैकी बऱ्याच डोळ्यांना मायनस ६ च्या पुढचा नंबर असतो. मायनस १२, १५ सुद्धा दिसतात. त्याच मुलाचा दुसरा डोळा मात्र अनेकदा जवळजवळ शून्य नंबरचा असतो.

हा नंबर येतो डोळ्याच्या लांबीतून. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण साडेतेवीस ते चोवीस मिलिमीटर असतो. लांबी एक मिलिमीटर वाढली की ढोबळमानाने अडीच ते तीन नंबर वाढतो. म्हणजे दोन डोळ्यांत आठ नंबरांचा फरक असेल तर एक डोळा दुसऱ्यापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब आहे. यंत्रावर हे मोजता येतं, आणि मोजून घ्यावंच. पुढे नंबर वाढतोय का, हे ठरवायला तोच आकडा सगळ्यात भरवशाचा असतो.

उलटा अपवादही आहे. क्वचित अशा डोळ्याला प्लस नंबर निघतो. म्हणून डाग दिसला की नंबर गृहीत धरायचा नाही, मोजायचा.

५. पण पांढऱ्या डागामुळे डोळा लांब का होईल?

इथे शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही. तीन शक्यता मांडल्या जातात.

सगळ्यात पटणारी अशी: बाळाचा डोळा वाढताना समोरचं चित्र कितपत स्पष्ट आहे याचा अंदाज घेत घेत वाढतो. चित्र धूसर राहिलं तर तो थांबायचं विसरतो आणि लांब होत जातो. १९७७ साली टॉर्स्टन वीझेल आणि एलिओ राव्हिओला यांनी माकडांच्या पिल्लांच्या पापण्या शिवून ठेवल्या, तेव्हा ते बंद डोळे लांब वाढून मायनस नंबरचे झाले होते. मायेलिनचं आवरण अपारदर्शक असतं. त्याच्याखालच्या पेशींपर्यंत प्रकाश नीट पोहोचत नाही.

यावर लगेच विचारलं जातं की डाग तर मध्यबिंदूपासून (पडद्याच्या ज्या मधल्या भागाने आपण बारीक पाहतो, त्यापासून) लांब आहे, मग कसं? याचं उत्तर कोंबडीच्या पिल्लांनी दिलं. जोश वॉलमन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं की पडद्याचा जो भाग धूसर ठेवला, डोळ्याचा तेवढाच भाग फुगतो. पुढे माकडांतही दिसलं की मधलं चित्र स्वच्छ असलं तरी भोवतीचं धूसर ठेवल्यास डोळा लांब होऊ शकतो. या प्रयोगांमुळे मला ही बाजू जड वाटते.

दुसरी शक्यता उलट्या क्रमाची आहे. डोळा आधी लांब होतो, मागच्या भिंतीतली जाळी ताणली जाते, आणि मायेलिन तयार करणाऱ्या पेशी त्यातून पुढे पडद्यावर येतात. तिसरी म्हणजे दोन्ही गोष्टींचं मूळ गर्भातल्या एकाच बिघाडात आहे. उपचार मात्र तिन्हींत तेच राहतात.

६. डॉक्टर ‘स्ट्रात्समा सिंड्रोम’ म्हणाले. तो वेगळा आजार आहे का?

नाही. एकाच डोळ्यात मायेलिनचे तंतू, मायनस नंबर आणि आळशी डोळा (प्रश्न ७) हे तिन्ही एकत्र आले की हे नाव वापरतात. सोबत बऱ्याचदा तिरळेपणाही असतो. प्रश्न २ मधल्या स्ट्रात्समा यांनीच १९७९ मध्ये हे एकत्र मांडलं. पडद्यावरच्या अशा तंतूंचं वर्णन त्याच्या खूप आधी, १८५६ साली, रुडॉल्फ फिर्शो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने केलं होतं.

७. योग्य नंबरचा चष्मा लावूनही त्या डोळ्याने नीट दिसत नाही. चष्मा चुकलाय का?

बहुधा नाही. चष्म्यामुळे पडद्यावरचं चित्र स्पष्ट होतं, पण ते वाचायला मेंदू शिकलेला नसतो. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत एका डोळ्यातून सतत धूसर आणि दुसऱ्यातून स्वच्छ चित्र आलं की मेंदू स्वच्छ चित्रावर भागवतो आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतो. यालाच अँब्लिओपिया किंवा आळशी डोळा म्हणतात.

या मुलांत तो हट्टी असतो, कारण कारणं एकावर एक साचलेली असतात: दोन डोळ्यांच्या नंबरांतला प्रचंड फरक, डागामुळे अडणारा प्रकाश आणि बऱ्याचदा तिरळेपणा. डाग किंवा त्याची कड मध्यबिंदूपर्यंत पोहोचली असेल, अथवा मध्यबिंदूच नीट घडलेला नसेल, तर काही तोटा कायमचा असतो.

८. मुलगा टीव्ही बघतो, सायकल चालवतो, पहिला नंबर काढतो. आम्हाला कळलं कसं नाही?

कारण त्याचा एक डोळा उत्तम आहे. दोन्ही डोळे उघडे असताना त्याला काहीही अडत नाही, आणि जे कधी दिसलंच नाही त्याची तक्रार तो करणार कशी? अपराधी वाटून घेऊ नका. शाळेत दोन्ही डोळे उघडे ठेवून फळा वाचायला लावतात, त्यात हे सुटतंच.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. मूल आवडतं कार्टून बघत असताना मागून एक डोळा तळहाताने झाका. आळशी डोळा झाकलात तर मूल बघत राहतं. चांगला डोळा झाकलात की मान वळवतं, हात ढकलतं, चिडतं. दोन्ही बाजूंना वेगळी प्रतिक्रिया आली तर तपासणी लगेच करा. प्रतिक्रिया सारखी आली म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. तीन-साडेतीन वर्षांच्या सुमारास प्रत्येक मुलाचे डोळे एकदा, एकेक झाकून, तपासून घ्यावेत. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा त्यांनाही हे सांगता येतं.

९. गरोदरपणात ग्रहण पाहिलं म्हणून झालं, असं सासूबाई म्हणतात. की मोबाइलमुळे?

दोन्हीमुळे नाही. आवरण चढण्याची क्रिया गर्भात ठरल्याप्रमाणे चालते आणि आईच्या पाहण्या-खाण्याने ती बदलत नाही. मोबाइलचं म्हणाल, तर चार वर्षांच्या मुलाच्या एकाच डोळ्याला मायनस दहा मोबाइलने येत नाही. आला असता तर दोन्ही डोळ्यांना आला असता. (मोबाइल कमी करा, पण त्याची कारणं वेगळी आहेत.) एकाच घरात दोघांना हे तंतू असल्याची उदाहरणं आहेत, पण बहुतेक वेळा कुटुंबात दुसरं कोणी नसतं. भावंडांची एकदा थेंब घालून तपासणी करून घेतली की पुरे.

१०. डाग लेसरने किंवा ऑपरेशनने काढून टाकता येईल का?

नाही, आणि तशी गरजही नाही. आवरण जिवंत तंतूंवर आहे. ते जाळलं तर तंतूही जातील. डागाच्या जागी नजरेत एक छोटी आंधळी जागा असते, पण ती सहसा डागापेक्षा लहान असते आणि रोजच्या व्यवहारात जाणवत नाही. सगळं लक्ष नंबर आणि आळशी डोळा यांवर द्यायचं.

११. मग उपचार काय?

आधी थेंब घालून खरा नंबर काढायचा आणि तो पूर्ण द्यायचा. ‘एवढा मोठा नंबर मुलाला झेपणार नाही’ म्हणून निम्माच दिला, की पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

चष्म्याने सुरुवात होते, पण फरक मोठा असेल तर कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार लवकर करावा. चष्म्यात एक काच सपाट आणि दुसरी जाड असते. मूल काचेच्या मधून बघतं तोवर ठीक, पण नजर कडेला गेली की दोन चित्रं वेगवेगळी सरकतात, आणि मूल चष्मा काढून ठेवतं. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे हा घोळ होत नाही. लहान मुलाच्या डोळ्यात लेन्स घालायची कल्पना पालकांना धसका देते. पहिले काही दिवस रडारड होते, मग आई-बाबांचा हात बसतो. स्वच्छतेत मात्र कसूर नको: नळाचं पाणी लेन्सला लागता कामा नये आणि डोळा लाल झाला की लेन्स ताबडतोब काढायची.

त्यानंतर पट्टी. तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

१२. पट्टी किती तास लावायची? मुलगी फाडून टाकते.

पट्टी चांगल्या डोळ्यावर, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. तीही चष्मा किंवा लेन्स घातलेली असतानाच. तास डॉक्टर ठरवतील. आळशी डोळ्यावरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत मध्यम दोषाला रोजचे २ तास ६ तासांइतकेच, आणि तीव्र दोषाला ६ तास जवळजवळ दिवसभराइतकेच उपयोगी ठरले. ते अभ्यास नेहमीच्या आळशी डोळ्यावरचे होते. मायेलिनच्या डोळ्यात अनेकदा जास्त तास आणि जास्त महिने लागतात.

पट्टी कातडीला चिकटणारी हवी. चष्म्याच्या काचेवर कापड अडकवलं तर मूल वरून किंवा नाकाच्या फटीतून चांगल्या डोळ्याने बघतं, आणि घरातल्यांना वाटतं पट्टी चाललीय. त्या तासांत डोळ्याला जवळचं काम द्या: मणी ओवणं, रंगवणं, शेंगदाणे निवडणं, पत्ते. शाळेत पट्टीवरून चिडवतात, म्हणून शाळेनंतरची वेळ बरी. काहीही केलं तरी मूल ऐकत नसेल, तर काही जणांना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात ऍट्रोपिनचे, म्हणजे त्याची नजर तात्पुरती धूसर करणारे, थेंब देतात. हे ऍट्रोपिन प्रश्न १५ मधल्यापेक्षा बरंच तीव्र असतं.

डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका. जास्त पट्टीने चांगला डोळाच आळशी झाला नाही ना, हे पाहायचं असतं.

१३. आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. उशीर झाला का?

उशीर झालाय, पण दार बंद झालेलं नाही. सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात केली तर फळ जास्त, हे खरं. तरी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ७ ते १२ वयाच्या मुलांपैकी चष्म्यासोबत पट्टी वगैरे दिलेल्या ५३ टक्क्यांत सुधारणा दिसली, नुसत्या चष्म्यावर २५ टक्क्यांत. १३ ते १७ वयातही, ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते, त्यांना फायदा झाला. तेव्हा काही महिने मनापासून प्रयत्न करावा आणि मग आकडे पाहून ठरवावं. वर्षानुवर्षं आशेवर पट्टी चालू ठेवू नये.

१४. किती सुधारेल? स्पष्ट सांगा.

प्रत्येक मुलागणिक वेगळं. मध्यबिंदू निरोगी, नंबरातला फरक कमी, डोळा सरळ आणि उपचार लवकर, असं जुळून आलं तर ६/९ किंवा ६/६ (म्हणजे नॉर्मल नजर) पर्यंत पोहोचलेली मुलं आहेत. मध्यबिंदू बिघडलेला, फरक दहाच्या वर, डोळा तिरळा, तर सगळं मनापासून करूनही तक्त्यावरच्या एक-दोन ओळींचीच भर पडते. ‘शंभर टक्के बरा करतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. ‘काही उपयोग नाही’ म्हणून प्रयत्नाआधीच फाईल बंद करणाऱ्याकडेही नको. तिरळेपणाचं ऑपरेशन डोळा सरळ करतं, नजर वाढवत नाही. म्हणून ते सहसा पट्टीनंतर येतं.

१५. नंबर वाढू नये म्हणून ०.०१ टक्के ऍट्रोपिनचे थेंब घालू का?

ते थेंब शाळकरी वयात दोन्ही डोळ्यांना लागणाऱ्या आणि वाढत जाणाऱ्या नेहमीच्या मायनस नंबरासाठी तपासले गेले आहेत. इथला नंबर बराचसा आधीच, बाळपणात, वाढून बसलेला असतो आणि त्याचं कारणही वेगळं (प्रश्न ५). त्यामुळे तिथला निकाल इथे जसाच्या तसा लागू धरता येत नाही. डोळ्याची लांबी मोजत राहा. ती खरोखर वाढत असेल तर डॉक्टरांशी बोला.

१६. त्राटक, गाजर, गाईच्या तुपाचे थेंब?

गाजर खुशाल खा. लांब झालेला डोळा यातल्या कशानेही आखूड होत नाही. डोळ्यात तूप, मध किंवा दूध घालू नका. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि लेन्स वापरणाऱ्या मुलात तो फार महागात पडतो.

१७. दोन्ही डोळ्यांत मोठे डाग आहेत. काही वेगळं शोधावं लागेल का?

हो, एकदा सर्वांगीण तपासणी करून घ्यावी. बहुतेक वेळा काही निघत नाही. क्वचित याचा संबंध गॉर्लिन सिंड्रोम किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस यांसारख्या जनुकीय आजारांशी असतो. म्हणून त्वचेवर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग, जबड्यात गाठी, डोक्याचा किंवा हाडांचा वेगळा आकार असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

१८. अठरा वर्षांची झाल्यावर लेसिक किंवा आयसीएल केलं तर डोळा बरा होईल?

नंबर जाईल, आळशीपणा नाही. आज पूर्ण चष्म्याने त्या डोळ्याला जेवढं दिसतं, साधारण तेवढंच ऑपरेशननंतर चष्म्याविना दिसेल. कधी थोडं जास्त. त्यातही मायनस दहा-बाराला लेसिक बहुधा बसत नाही, डोळ्यात बसवायच्या लेन्सचा, म्हणजे आयसीएलचा, विचार करावा लागतो. जाड काच टळते, चेहरा बरा दिसतो, ही कारणंही पुरेशी असू शकतात. पैसे भरण्याआधी अपेक्षा तेवढी ठरवून घ्या.

१९. जन्मभर काय काळजी घ्यायची?

चांगल्या डोळ्याला नंबर नसला तरी दोन्ही बाजूंना पॉलिकार्बोनेटच्या (सहजासहजी न फुटणाऱ्या) काचांचा चष्मा, कारण तो डोळा गेला तर भरवशाचा दुसरा नाही. क्रिकेट, गोट्या, विटीदांडू, दिवाळीचे फटाके, धुळवडीचे फुगे: या वेळी तर चष्मा हवाच.

आणि लांब डोळ्याचा पडदा ताणलेला असतो, त्यामुळे तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका जास्त. अचानक काळे ठिपके वाढले, अंधारात विजा चमकल्यासारख्या दिसल्या किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अडचण अशी की आळशी डोळ्यातली ही लक्षणं चटकन जाणवत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा थेंब घालून तपासणी.

२०. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल का? नोकरीत अडेल का?

दुसऱ्या डोळ्याची दृष्टी चांगली असेल तर टक्केवारी सवलतींसाठी लागणाऱ्या ४० टक्क्यांपर्यंत जात नाही. बहुतेक शिक्षण आणि नोकऱ्यांत अडचण येत नाही. सैन्य, वैमानिक, रेल्वेचा लोको पायलट अशा ठिकाणी प्रत्येक डोळ्याचे निकष कडक असतात. ते दहावीनंतरची दिशा ठरवण्याआधीच वाचून घ्या.

२१. मी स्वतः पंचेचाळीसचा आहे, डाग लहानपणापासूनचा. आता ओसीटीमध्ये ‘काचबिंदूचा संशय’ आलाय. खरं मानू?

त्या एका कागदावरून नाही. ओसीटी यंत्र तंतूंच्या थराची जाडी मोजून ती नॉर्मल डोळ्यांशी ताडून पाहतं. मायेलिनमुळे थर जाड दिसतो आणि त्याखाली सावली पडते. त्यात डोळा लांब असेल तर तुलनाच चुकते. त्यामुळे रिपोर्टवरचा लाल (बिघाड दाखवणारा) रंग खोटा असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे हिरवाही (सगळं ठीक दाखवणारा) खोटा असू शकतो. डोळ्याचा दाब, नजरेच्या क्षेत्राची तपासणी आणि डिस्कचे फोटो एकत्र पाहूनच ठरवावं लागतं.

जुना फोटो असेल तर शोधून न्या. हा डाग जन्मभर तसाच राहतो. तो फिका किंवा लहान झालेला दिसला तर ती आनंदाची बातमी समजू नका. खालचे तंतूच मेल्याशिवाय आवरण सहसा जात नाही. काचबिंदू, नसेला सूज, रक्तवाहिनी बंद पडणं किंवा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ यांत असं घडल्याची नोंद आहे. अशा वेळी डॉक्टर नजरेच्या क्षेत्राची तपासणी पुन्हा करतात, आणि गरज वाटली तर मेंदूचा एमआरआय सांगतात.